तळघर आणि विहीर

आमच्या परसात विहीर ‘होती’, असे आम्ही सहा वर्षे म्हणत आलो. व्याकरणात यास भूतकाळ म्हणतात; आणि भूतकाळ म्हटला की ती गोष्ट घडून गेली, संपली, असा आमचा जन्माचा समज. विहिरीच्या बाबतीत हा समज किती पोकळ होता, हे कळावयास आमच्या तळघरात गुडघाभर पाणी यावे लागले.

बेळगावकर वाचकांस विहिरीचे माहात्म्य सांगावयास नको. परंतु हे मासिक बेळगावाबाहेरही जाते, म्हणून थोडे सांगतो. आमच्याकडील माती तांबडी आणि तिच्याखाली बहुतेक ठिकाणी जांभा दगड. जांभा दिसावयास दगड, पण गुणाने स्पंज. त्याच्या अंगात बोटाएवढ्या नळ्या आणि पोकळ्या असतात. पावसाचे पाणी त्यांतून मुकाट्याने खाली उतरते, खालच्या चिकट पांढरट मातीपाशी थबकते आणि पावसाळा जसजसा चढेल तसतसे पुन्हा वर येऊ लागते. म्हणून जुन्या बेळगावात आणि आमच्या शहापुरात घरोघरी विहीर असे. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा जमलेल्या लोकांच्या पाण्यासाठी टिळकवाडीत जी विहीर खणली, ती ‘काँग्रेस विहीर’ म्हणून आजही ओळखली जाते. पुढे राकसकोपचे, मग हिडकलचे पाणी नळाने घरात आले, आणि परसातल्या विहिरींकडे लोकांनी पाठ फिरविली. आम्हीही फिरविली.

२०१६ साली आम्ही जुने घर पाडले. मंगळुरी कौलांचे, जांभ्याच्या भिंतींचे ते घर आमच्या वडिलांनी सांभाळले होते. २००९ मध्ये ते गेल्यावर वाळवीने ते सांभाळले. नवे घर सिमेंट-काँक्रीटचे करावयाचे ठरले. आमचे धाकटे बंधू पुण्यास असतात. निम्मा पैसा त्यांचा. त्यांची मागणी मोटार उभी करण्याच्या जागेची, आणि आमचा हट्ट पुस्तकांसाठी स्वतंत्र खोलीचा. ठेकेदाराने दोन्हींवर एकच तोड काढली. तळघर खोदू, त्यात पुस्तके. खोदलेली माती विहिरीत टाकू, तिच्यावर मोटार. माती वाहून नेण्याचा खर्चही वाचेल. हा हिशेब आम्हांस इतका पसंत पडला की आम्ही तो दोन दिवस भेटेल त्यास सांगत होतो.

आईने एकदाच विरोध केला. ती तेव्हा एकोणऐंशी वर्षांची होती. म्हणाली, “विहीर बुजवाल रे, पाणी कुठं बुजवाल?”

आम्ही हसून म्हणालो, “आई, आता नळ आहेत ना.” प्रश्न एक आणि उत्तर दुसरेच, असे मुलांनी केले तर आम्ही वर्गात गुण कापतो. आई पुढे काही बोलली नाही. तिने विहिरीस हळदकुंकू वाहिले, नारळ वाढविला आणि आत जाऊन दार ओढून घेतले. दुसऱ्या दिवशी पहिली पाटी पडली.

तळघराची भिंत कशी उभी राहते, हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते. आता नको इतके ठाऊक आहे. आधी जमिनीचा स्लॅब ओततात. तो घट्ट झाल्यावर काही दिवसांनी त्यावर भिंतीचे काँक्रीट ओततात. हे नवे काँक्रीट जुन्यास चिकटते खरे, पण त्याच्याशी एकजीव होत नाही. दोहोंमध्ये केसाएवढी का होईना, एक फट राहते, आणि ती खोलीच्या चारी बाजूंनी सलग असते. म्हणून त्या सांध्यात पीव्हीसीची किंवा रबराची पट्टी आधीच रोवून ठेवावी लागते. तिला वॉटरबार म्हणतात. आमच्या नकाशात ती होती, भिंतीत नव्हती. शिवाय भिंतीच्या दोन्ही अंगांच्या फळ्या आवळून धरावयास आरपार बोल्ट घालतात. फळ्या काढल्या की त्यांची भोके उरतात. ती दोन्ही तोंडांशी बोटभर लिंपली होती आणि मध्ये पोकळ होती. काँक्रीट ओतताना ते हलवून, धोपटून बसवावे लागते, नाहीतर खडी एकीकडे आणि सिमेंट एकीकडे राहून मधाच्या पोळ्यासारखी जाळी होते. तशीही दोन-तीन ठिकाणी झाली होती. वरून गिलावा केल्यावर ती दिसली नाही. मुंबई-पुण्याकडे जुने जाणते लोक तळघर बांधण्यापूर्वीच खड्ड्याच्या तळाशी आणि चारी अंगांनी शहाबादी फरशीची पेटी करून घेत. आमच्या ठेकेदाराने भिंतीच्या बाहेरून काहीच केले नाही. पावसाळा तोंडावर आला म्हणून घाईघाईने माती लोटली आणि हिशेब घेऊन तो मोकळा झाला. त्याचे नाव येथे देण्यात अर्थ नाही. रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर कामावर चक्कर मारणारे आम्हीच होतो, आणि आम्ही पाहत होतो ते पुस्तकांच्या कपाटांची मापे.

२०१७ चा पावसाळा निभावला. २०१८ साली पश्चिमेकडील भिंतीवर पिठासारखा पांढरा क्षार उमटू लागला. जुने गवंडी यास लोणा म्हणतात. भिंतीतून आलेले पाणी सिमेंटमधील चुना विरघळवून बाहेर आणते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतो. म्हणजे तो पाण्याने सोडलेला माग होता. पण विचारले तेव्हा ठेकेदार म्हणाला, हवेतली ओल आहे. पावसाळी हवेने थंड भिंतीवर दव धरते हेही खोटे नाही. खरे काय ते ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीवर लावून चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि दोन दिवसांनी पाहावे. थेंब कागदाच्या खोलीकडील अंगावर असतील तर ओल हवेतली. कागद आणि भिंत यांच्या मध्ये असतील तर पाणी भिंतीतले. ही परीक्षा आम्हांस पुढे वर्षभराने कळली. तोवर दिवाळीत आम्ही पाणी अडविण्याचे म्हणून मिळणारा एक महागडा रंग आतून दोन हात देऊन मोकळे झालो होतो. आतून दिलेल्या रंगास पाणी मागून ढकलते, हे साधे तत्त्व. पुढच्या आषाढात त्या रंगास देवीचे यावेत तसे फोड आले. एक फोड आम्ही पेनाने टोचला. चमचाभर पाणी निघाले.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. त्या पहिल्या पंधरवड्यातला बेळगावचा पाऊस ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. नद्यानाल्यांनी जिल्हाभर घरे बुडविली. आमच्या गल्लीत पूर नव्हता. रात्री वीज गेली, आणि आम्हांस खालून बारीक शिट्टीसारखा आवाज ऐकू आला. मोबाइलच्या उजेडात जिना उतरलो. बोल्टच्या भोकांतून सुतासारख्या धारा आडव्या सुटल्या होत्या. भिंत आणि जमीन यांच्या सांध्यातून पाणी एका ओळीत, कसलाही आवाज न करता, आत येत होते. कपाटांचा खालचा कप्पा बुडाला होता. मासिकांचे बांधीव खंड, वडिलांची पुस्तके, आमच्या एम.ए.च्या वेळची टिपणे, आणि एक पत्र्याची ट्रंक.

आई वर जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तिने विचारले, “आली का ती?”

आम्ही उत्तर दिले नाही.

पुस्तकांचे काय झाले ते लांबवीत नाही. भिजलेल्या गुळगुळीत कागदाची पाने एकदा एकमेकांस चिकटली की ती विटेसारखी होतात, आणि अशा वीस-बावीस विटा आम्ही हाताने उचलून बाहेर ठेविल्या. ट्रंकेत मात्र वडिलांच्या दिनदर्शिका होत्या. ‘कालनिर्णय’ १९७३ साली निघाले, आणि तेव्हापासून वडिलांनी ते कधी चुकविले नाही. वर्ष संपले की सुरळी करून ते ट्रंकेत जाई. त्या आम्ही सोडवून व्हरांड्यात दोरीवर वाळत घातल्या. त्या वाळत असता त्यांच्या पाठी वाचल्या गेल्या. वाचावयाचे असे ठरविले नव्हते.

वडिलांना एक सवय होती, ती आम्ही पार विसरलो होतो. दरवर्षी नागपंचमीस ते विहिरीत वाकून पाण्यावर चिऱ्यांचे किती थर मोकळे आहेत ते मोजीत आणि श्रावणाच्या पानामागे लिहून ठेवीत. आरंभीच्या वर्षांचे लेखन शाईचे. ते पाण्याने धुऊन निळे डाग तेवढे राहिले होते. पुढे त्यांनी बॉलपेन घेतले, त्याची अक्षरे शाबूत होती. ‘चार थर.’ ‘चार थर.’ ‘तीन. पाऊस फार.’ एका कोरड्या वर्षी ‘नऊ.’ एका वर्षी ‘दोनच.’ जांभ्याचा एक थर पाऊण फुटाचा धरला तर चार थर म्हणजे जमिनीखाली तीन फुटांवर पाणी. आमच्या तळघराची जमीन नऊ फूट खाली. म्हणजे दर श्रावणात आमच्या भिंतीबाहेर सहा फूट पाणी उभे राहणार, हे आम्हांस पंचवीस-तीस वर्षांच्या पुराव्यानिशी सांगणारे कागद आमच्याच घरात होते. आणि ते आम्ही ठेविले होते कोठे, तर त्याच तळघरात.

सहा फूट पाण्याचा भार किती, हे गणित आम्ही त्या रात्री पाठकोऱ्या कागदावर केले. भिंतीच्या पायाशी दर चौरस फुटास सुमारे १७० किलो. आमची पश्चिमेची भिंत वीस फूट लांब; तिच्यावर सगळा मिळून सुमारे दहा टनांचा रेटा. ट्रकभर वाळू जणू आडवी होऊन भिंतीस टेकली आहे. आणि त्यापुढे आम्ही रंग दिला होता!

धारा थांबविण्यासाठी एक वयस्क गवंडी मिळाले. त्यांचे काम पाहणे हा त्या वाईट दिवसांतला एकच आनंद होता. ते छिन्नीने भोक मोठे करीत, पण तोंडाशी अरुंद आणि आत रुंद. उलट केले तर आतला बूच पाण्याच्या रेट्याने निसटतो. मग झटपट घट्ट होणारे सिमेंट मूठभर घेऊन पाण्याने कालवीत, तळहातावर गोळा फिरवीत आणि तो कोमट लागू लागला की धारेच्या तोंडात दाबून चार मिनिटे धरून ठेवीत. एक गोळा त्यांनी आमच्या हाती दिला. “दाबून धरा गुरुजी, सोडू नका.” हाताखाली तो गोळा तापत गेला, पाण्याचा धक्का आधी जोरात, मग मऊ, मग नाहीसा झाला. असे अकरा बूच बसले. अकरावा बसला आणि चार हातांवर, जेथे काही नव्हते तेथे, भिंतीला घाम फुटला.

गवंडीमामा घमेले पालथे घालून त्यावर बसले. पश्चिमेच्या भिंतीकडे बराच वेळ पाहून म्हणाले, “गुरुजी, ह्या भिंतीच्या पलीकडं विहीर हुती काय वो?”

आम्ही म्हणालो, “होती.”

“हुती न्हवं,” ते म्हणाले, “हाय.”

मग त्यांनी समजावून सांगितले, ते असे. बुजविलेली विहीर म्हणजे भुसभुशीत मातीने भरलेला खांब. भोवतालच्या जांभ्यातले झरे काही आटलेले नाहीत. ते त्या खांबात पूर्वीप्रमाणेच येतात, आणि पूर्वी उपसा होता तो आता नाही. शिवाय भिंतीलगत लोटलेली माती तशीच पोकळ. दोन्ही मिळून पाण्यास सरळ रस्ता झाला. “तुमी बूच मारलासा तर त्ये बाजूला जाणार. त्याला वाट द्या, मग बगा.”

आम्हांस हे पटले. बंधूंस पटले नाही. दूरध्वनीवर ते म्हणाले, “दादा, गवंड्याचं ऐकून विहीर उकरायची? आज इंजेक्शनं मिळतात.” मिळतात खरी. २०१९ च्या नोव्हेंबरात पुण्याकडचे लोक यंत्र घेऊन आले. भेगेच्या दोन्ही बाजूंनी, आळीपाळीने, तिरकी भोके पाडून ती भिंतीच्या पोटात भेगेस छेदतील असे करतात. भोकांत नळ्या बसवितात आणि खालून वर एकेका नळीतून पॉलियुरेथेन दाबाने भरतात. ते पाण्यास भेटले की फेसाळून फुगते आणि भेग भरून काढते. ओल्या भेगेस हेच औषध. एपॉक्सी भिंत जोडून पुन्हा बळकट करते, पण तिला भेग कोरडी लागते. काम चांगले झाले. त्या भेगा आजतागायत पुन्हा ओल्या झालेल्या नाहीत, हे मान्य केले पाहिजे. परंतु २०२० च्या पावसाळ्यात उत्तरेचा सांधा पाझरला, आणि २०२१ च्या जुलैत घोटाभर पाणी आले. भेगा मिटल्या होत्या, दहा टन तेथेच होते.

त्या दिवाळीस बंधू आले. मोटार परसात, बुजविलेल्या विहिरीवर, उभी केली. जेवणे झाल्यावर आम्ही वाद न घालता दिनदर्शिकांची ती चळत त्यांच्यापुढे ठेविली. ते उभ्या उभ्या चाळू लागले, मग बसले. १९८३ च्या पानामागे वडिलांचे अक्षर होते: ‘थर चार. धाकट्याने मोजले, तीन सांगितले. पुन्हा मोजावयास लाविले.’ बंधूंनी ते पान दोनदा वाचले. म्हणाले, “मला आठवतंय. मला वाकायची भीती वाटत होती. न वाकताच सांगितलं मी.” थोड्या वेळाने म्हणाले, “गाडी रस्त्यावर लावू. किती खर्च येईल?”

आई माजघरात वाती वळीत होती. तिने मान वर केली नाही.

या वेळी मात्र एका जाणत्या अभियंत्यास आधी विचारले. पायाजवळ खोल खणणे हा हौसेचा विषय नव्हे. त्यांनी विहिरीचे बांधकाम शाबूत आहे ना, ती भिंतीपासून किती लांब आहे, हे पाहिले. अंतर बारा फूट निघाले. पण त्यांचा पहिला प्रश्न आम्हांस लाजविणारा होता: “छपराचं पाणी कुठं जातं?” गच्चीचा चार इंची नळ पश्चिमेच्या भिंतीच्या पायथ्याशीच उघडा सोडलेला होता. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर इंचभर पाऊस पडला की सुमारे २,३०० लिटर पाणी होते. इतकी वर्षे आम्ही ते स्वतःच्याच तळघराच्या उशाशी ओतत होतो. ते पाणी लांबच्या गटारात नेण्यास आणि भिंतीलगतच्या जमिनीस बाहेरच्या अंगास उतार देण्यास आमचे दोन दिवस गेले, आणि खर्च रंगाच्या डब्यांहून कमी आला. ज्यांच्या तळघरास ओल असेल त्यांनी छिन्नीस हात लावण्यापूर्वी पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारावी.

२०२२ च्या एप्रिलात भिंत बाहेरून उघडी केली. सगळी एकदम नव्हे, तुकड्यातुकड्याने, म्हणजे पायास धोका नको. बाहेरच्या अंगाने भोके आणि जाळी साफ करून भरली. भिंत आणि पाया यांच्या कोनात सिमेंटची गोलाई केली, जिला गवंडी ‘वाटा’ म्हणतात. त्यावर डांबरी पडद्याचे पट्टे तापवून चिकटविले आणि ते मातीच्या दगडांनी फाटू नयेत म्हणून बाहेरून विटांचा एक थर उभा केला. पाणी ज्या बाजूने येते त्या बाजूस अडविले म्हणजे त्याचा रेटाच पडद्यास भिंतीवर दाबून धरतो. आतल्या रंगास तोच रेटा सोलून काढीत होता. पायाशी खडीच्या गादीवर एक भोकांचा नळ, भोवती गाळणीचे कापड, शंभर फुटांस एक फूट असा उतार, आणि त्याचे तोंड विहिरीकडे. नळ बसविताना भोके खाली ठेविलेली पाहून आम्ही गवंडीमामांस त्यांची चूक दाखविली. त्यांनी आमच्याकडे फार दयेने पाहिले. पाणी खालून वर चढते, वरून पडत नाही. भोके खाली असली म्हणजे ते चढू लागताच नळात शिरते. आम्ही यापुढे न बोलण्याचे ठरविले.

मे महिन्यात विहीर उकरली. हे काम मात्र आम्ही सुट्टी असल्याने पूर्ण पाहिले. पहिले तीन दिवस आमच्याच तळघराची तांबडी माती. मग सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, विटांचे तुकडे, फुटलेली मंगळुरी कौले. आमच्या जुन्या घराचा अर्धा सांगाडा ठेकेदाराने तेथे पुरला होता. एक दिवस जुन्या देवघराच्या दाराची पितळी कडी वर आली. आईने ती पदराने पुसून जवळ ठेविली. ती रोज सकाळी खुर्ची टाकून परसात बसे, दुपारी उन्हाने उठे, चारला पुन्हा येई. पंचविसाव्या फुटास पाटीतली माती ओली लागली. सत्ताविसाव्यास आत उतरलेला गडी ओरडला. दोरीने बादली वर आली, तिच्यात चिखलाचे, चहाच्या रंगाचे दोन तांबे पाणी होते. आईने त्यात बोटे बुडविली आणि डोळ्यांस लावली. मग आमच्याकडे वळून म्हणाली, “नळ आहेत ना?”

सहा वर्षे तिने ते वाक्य जपून ठेविले होते.

आता विहिरीत एक पंप आहे. पाणी ठराविक उंचीवर आले की तरंगत्या चेंडूने तो आपोआप चालू होतो आणि चौदा थर मोकळे राहतील, म्हणजे तळघराच्या जमिनीखाली दीड फूट पाणी राहील, इतके उपसून थांबतो. उपसताना माती वाहून येऊ लागली तर पायाखाली पोकळी होण्याचे भय असते. म्हणून गाळणीचे कापड, आणि म्हणून आम्ही उपसलेले पाणी अधूनमधून काचेच्या पेल्यात धरून पाहतो. पावसात वीज जातेच, तेव्हा इन्व्हर्टर घ्यावा लागला. बंधूंनी तो न मागता पाठविला. उन्हाळ्यात नळाचे दिवस लांबले की गल्लीतले लोक कळशा घेऊन येतात. तळघरात पुस्तके पुन्हा नेली, पण खालचा कप्पा रिकामा ठेविला आहे, आणि दिनदर्शिकांची ट्रंक वर आईच्या खोलीत आहे.

एक अडचण उरली. पंप चालू असता नागपंचमीस थर मोजावेत तर ते चौदाच भरतात. ती नोंद विहिरीची नव्हे, पंपाची झाली. हे प्रथम आईच्याच लक्षात आले. तेव्हापासून नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पंप बंद करतो. त्या रात्री आम्हांस झोप येत नाही हे खरे. पहाटे विजेरी घेऊन परसात जातो आणि वाकतो. गेल्या वर्षी पाच थर मोकळे होते. मागून आईने विचारले, “नीट वाकून मोजलेस ना?” पुन्हा मोजले, पाचच. मग तळघरात उतरून पश्चिमेच्या भिंतीवर, खालपासून वरपर्यंत, हात फिरविला. एका बोल्टच्या भोकापाशी रुपयाएवढा ओला डाग होता. बाकी भिंत कोरडी होती. वर येऊन आईस तसे सांगितले, पंप सुरू केला आणि श्रावणाच्या पानामागे लिहिले: ‘पाच थर. डाग एक.’